डॉ. विल्यम हार्वी आणि रक्ताचा परतीचा मार्ग

मुदखेडच्या पेठेतून दिवेलागणीच्या सुमारास फेरफटका करावा, म्हणजे एक गोष्ट सहज नजरेस येते. दिवसभर गादीवर बसलेला दुकानदार उठू लागतो तेव्हा त्याचे पाय जड झालेले असतात व घोट्यापाशी सूज आलेली असते. दिवस उभ्याने काढणाऱ्या हमालाच्या पोटरीवर निळ्या शिरांची जाळी फुगून वर आलेली दिसते. कोणी त्यास वात म्हणतो, कोणी दृष्ट म्हणतो, कोणी काळा दोरा बांधून मोकळा होतो. सकाळी निजून उठल्यावर सूज उतरलेली असते, म्हणून याचा अधिक विचार करण्याच्या भरीस फारसे कोणी पडत नाही. परंतु विचार करण्याजोगा प्रश्न त्या सुजेतच दडलेला आहे. हृदयातून निघालेले रक्त पायाच्या बोटांपर्यंत उतरते, हे कोणासही समजण्यासारखे आहे. पाणी उताराकडे जावयाचेच. पण तेच रक्त घोट्यापासून छातीपर्यंत अडीच-तीन हातांची चढण चढून परत येते कसे? आणि परत येते हे तरी कशावरून?

हा प्रश्न नीट विचारून त्याचे उत्तर पुराव्यानिशी जगापुढे मांडणारा पुरुष एका व्यापाऱ्याचा मुलगा होता. विल्यम हार्वी याचा जन्म 1 एप्रिल 1578 रोजी इंग्लंडच्या केंट परगण्यात, फोकस्टन या समुद्रकाठच्या गावी झाला. बाप टॉमस हार्वी हा गावचा सधन उदमी असून नगराध्यक्षही झालेला होता. भावंडांत विल्यम सर्वांत वडील. त्याच्या भावांपैकी बहुतेकांनी लंडनात व्यापार केला व चांगला पैसा मिळविला; त्यांतील इलियाब नावाच्या भावाने तर पुढे जन्मभर या विद्वान बंधूची पुंजी सांभाळली. घरात हिशेबाची चोपडी होती, आणि आम्हांस असे वाटते की विल्यमने वैद्यकी पत्करली तरी ती चोपडी मनातून कधी टाकली नाही.

केंटरबरीच्या शाळेत व केंब्रिजच्या कॉलेजात शिक्षण झाल्यावर तो इटलीतील पाडुआ येथील विद्यापीठात गेला. त्या काळी वैद्यकाची ती काशीच होती. गॅलिलिओ तेथेच गणित शिकवीत होता. फॅब्रिशियस नावाच्या शारीरशास्त्राच्या अध्यापकाने तेथे शवच्छेदनासाठी एक लाकडी प्रेक्षागार उभारविले होते. मध्ये मेज, त्यावर प्रेत, आणि भोवती एकावर एक चढत गेलेल्या सज्जांत दाटीने उभे राहिलेले विद्यार्थी. याच फॅब्रिशियसने शिरांच्या आतील बारीक पडद्यांसारख्या झडपा शिष्यांस दाखविल्या व 1603 मध्ये त्यांवर पुस्तकही छापले. झडपा त्याने डोळ्यांनी पाहिल्या, त्यांची चित्रे काढविली, आणि अर्थ मात्र चुकीचा लावला. त्यास वाटले, रक्त हातापायांकडे एकदम धावून तेथे साचू नये म्हणून निसर्गाने हे लहान लहान बांध घातले आहेत.

गुरूची ही चूक बुद्धीच्या मांद्यामुळे घडली नाही. तिच्यामागे चौदाशे वर्षांचे एक नाव उभे होते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात होऊन गेलेला ग्रीक वैद्य गॅलेन याने असे लिहून ठेविले होते की, अन्नापासून रक्त यकृतात तयार होते, शिरांवाटे सर्व अंगात जाते, आणि तेथे शेतातल्या पाण्याप्रमाणे जिरून संपते; थोडेसे रक्त हृदयाच्या मधल्या पडद्यातील अदृश्य छिद्रांतून उजवीकडून डावीकडे झिरपते. मुदखेड जंक्शनाहून रोज आदिलाबादेस गाड्या सुटाव्यात, त्यांतील एकही परत येऊ नये, आणि दुसऱ्या दिवशीसाठी रोज नव्या गाड्या बांधल्या जाव्यात, अशातला तो प्रकार झाला. रेल्वेच्या बाबतीत असे कोणी सांगू लागला तर आमचे व्यापारी बंधू त्यास वेड्यात काढतील. शरीराच्या बाबतीत मात्र युरोपातील मोठमोठे पंडित ते चौदाशे वर्षे मुकाट्याने मानीत आले. कारण ते ग्रंथात होते.

येथे वाचकांनी केवळ युरोपास हसू नये. आमच्या सुश्रुताने प्रेत वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवून, मग कुंच्याने हळूहळू घासून एकेक थर पाहावा, असा स्पष्ट विधी सांगितला आहे. पण शिरांचा उगम त्याने नाभीपाशी मानला. भेलसंहितेत तर रस हृदयातून निघतो व शिरांवाटे पुन्हा हृदयाकडे येतो, अशा अर्थाचे वचन आढळते. त्याचा अभिमान आम्हांसही आहे. तथापि वचन ही एक गोष्ट व शाबिती ही दुसरी. दावा कितीही खरा असला तरी साक्षीपुराव्यावाचून त्याचा निकाल लागत नाही, आणि या दाव्याचा पुरावा गोळा करण्यास ज्यांनी पुढे व्हावयाचे त्यांनी सुरी खाली ठेवून पोथी हाती घेतली व प्रेतास शिवणे हे पाप ठरविले. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात पंडित मधुसूदन गुप्त यांनी 1836 साली शवच्छेदन केले, ते या देशातील नव्या वैद्यकाच्या इतिहासात नोंदले गेले. सुश्रुताच्या देशात ती नवलाची गोष्ट ठरावी, यातच सर्व आले. अरबी वैद्यकातही तेच झाले. तेराव्या शतकातील इब्न अल-नफीस या दमास्कसच्या हकिमाने हृदयाच्या मधल्या पडद्यात छिद्रे नाहीत, रक्त फुप्फुसांतून फिरून डावीकडे येते, असे लिहिले. ते हस्तलिखित पडून राहिले व 1924 च्या सुमारास बर्लिनमध्ये एका मिसरी वैद्याच्या दृष्टीस पडले. स्पेनच्या सर्व्हेटसनेही फुप्फुसांविषयी हेच म्हटले होते. त्याच्या धर्ममतांसाठी त्यास 1553 मध्ये जिनिव्हा येथे जिवंत जाळण्यात आले.

हार्वी 1602 मध्ये पदवी घेऊन लंडनास परतला. 1604 मध्ये राजवैद्य लॅन्सेलॉट ब्राउन याच्या कन्येशी त्याचा विवाह झाला. मूलबाळ झाले नाही. 1609 पासून सेंट बार्थोलोम्यू या गोरगरिबांच्या रुग्णालयात तो वैद्य झाला, आणि 1616 च्या एप्रिलात वैद्यांच्या महाविद्यालयात त्याने शारीरशास्त्रावर व्याख्याने सुरू केली. त्या व्याख्यानांची त्याच्या हातची टिपणे आजही उपलब्ध आहेत. शोधासाठी त्याने आपल्या पित्याच्या व भगिनीच्या शवाचेही परीक्षण केले होते. हे वाचून अंगावर काटा येईल. पण त्या मनुष्याचे आपल्या माणसांवर प्रेम नव्हते असे मानण्यास कोणताही आधार नाही. पत्नीच्या लाडक्या पोपटाविषयी त्याने किती ममतेने लिहिले आहे! तो मेल्यावर हार्वीने त्यासही उघडून पाहिले, तेव्हा पोटात अंडे सापडले व इतकी वर्षे ज्यास राघू समजत होतो ती मैना निघाली, हे प्रांजळपणे नमूद केले.

आता मुख्य मुद्दा. उंच प्राण्यांचे हृदय इतक्या वेगाने चालते की, आधी काय व मागून काय हे डोळ्यांस ठरविता येत नाही. म्हणून हार्वीने बेडूक, साप, मासे अशा थंड रक्ताच्या प्राण्यांची हळू चालणारी हृदये पाहिली. जिवंत सापाच्या हृदयाकडे येणारी शीर त्याने चिमटीत दाबली, तो हृदय फिके व रिकामे पडू लागले. शीर सोडून हृदयातून निघणारी धमनी दाबली, तो हृदय फुगून काळेनिळे झाले. अहिंसाप्रिय वाचकांस हे रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु शिरांतून रक्त हृदयाकडे येते व धमन्यांतून बाहेर जाते, एवढे या एका प्रयोगाने उघड झाले.

नंतर त्याने हिशेब मांडला. मनुष्याच्या हृदयाच्या डाव्या जवनिकेत पाच तोळ्यांहून अधिक रक्त मावते, हे त्याने पाहिले होते. पण प्रतिपक्षास जागा राहू नये म्हणून त्याने हवी तितकी सूट दिली. एका ठोक्यास फार थोडे, समजा एक ड्रॅम रक्त बाहेर पडते. एक ड्रॅम म्हणजे आपला तोळ्याचा तिसरा हिस्सा. ठोकेही अर्ध्या तासास एक हजारच धरा, जरी प्रत्यक्षात ते दुपटीहून अधिक असतात. आता हेच त्रैराशिक आपल्या जुन्या मापांत मांडून पाहा. अर्ध्या तासात सव्वातीनशे तोळ्यांवर, म्हणजे ऐंशी तोळ्यांच्या पक्क्या शेराने चार शेरांहून अधिक. दिवसाच्या अठ्ठेचाळीस अर्ध्या तासांत सोळा हजार तोळे, म्हणजे दोनशे शेर, म्हणजे पाच मण! इतके रक्त रोज यकृताने नवे करावे तर मनुष्याने दिवसास किती पायली धान्य खावयास हवे? आणि ते हातापायांत जिरून जाते म्हणावे, तर पाच मण माल उतरवून घेणारी वखार शरीरात आहे कोठे? जमेच्या बाजूस येवढी रक्कम दिसते, शिल्लक तर वाढत नाही. तेव्हा तीच रक्कम फिरून फिरून परत येत असली पाहिजे. आजच्या मोजमापाने पाहिले तर हृदय स्वस्थ बसलेल्या माणसातही मिनिटास सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलते, आणि अंगातील एकंदर रक्तही जवळजवळ तेवढेच असते. म्हणजे हार्वीने मुद्दाम कमी धरलेला आकडा प्रत्यक्षाच्या फारच खाली होता, आणि तरीही गॅलेनचा दावा त्याखाली टिकला नाही.

परत येण्याचा मार्ग कोणता, हे त्याने ज्या रीतीने दाखविले ती रीत तर कोणाही वाचकास स्वतःच्या दंडावर करून पाहता येईल. दंडास घट्ट बंध बांधला की मनगटाची नाडी बंद पडते, हात फिका व थंड होतो. कारण खोलवरच्या धमन्याही आवळल्या गेल्या. बंध थोडा सैल केला की नाडी परत सुरू होते, रक्त हातात शिरते, पण वरवरच्या शिरा अजून दाबलेल्याच असल्यामुळे ते बाहेर पडू शकत नाही. शिरा टरारून फुगतात. दवाखान्यात रक्त तपासणीस घेण्यापूर्वी दंडाला रबरी पट्टा बांधतात, तो हाच हार्वीचा मध्यम बंध. फुगलेल्या शिरेवर अधूनमधून गाठी दिसतात. तेथे झडपा असतात. मनगटाकडील बाजूस शिरेवर एक बोट दाबून ठेवावे, आणि दुसऱ्या बोटाने रक्त वर कोपराकडे, एका गाठीपलीकडे, पुसत न्यावे. मधला भाग रिकामा पडतो व रिकामाच राहतो. वरचे रक्त खाली येत नाही. येथपर्यंत फॅब्रिशियसचे समाधान झाले असते. आता खालचे बोट उचला, की शीर तत्काळ खालून वर भरते. याचा अर्थ, त्या झडपा म्हणजे रक्त थोपविणारे बांध नव्हेत, तर एकाच दिशेस उघडणारे दरवाजे होत. आणि मानेच्या शिरेत तर त्या झडपांचे तोंड खाली, हृदयाकडे, आहे. रक्त खाली साचू नये एवढाच त्यांचा हेतू असता, तर मानेत त्या उलट्या कशास बसविल्या असत्या? उलटतपासणीत साक्षीदार कोसळावा तसे गुरूचे मत या एका प्रश्नाने कोसळले. गुरूविषयी मात्र हार्वीने सर्वत्र आदरानेच लिहिले आहे.

पायाचे रक्त वर चढते ते कशाच्या जोरावर, याचा पुढील उलगडा नंतरच्या लोकांनी केला. पण त्याचा पाया त्या झडपांतच आहे. हृदयाने दिलेला धक्का शिरांपर्यंत पोहोचता पोहोचता फारच क्षीण झालेला असतो. स्तब्ध उभ्या असलेल्या माणसाच्या घोट्यापाशी शिरेतील दाब सुमारे 90 मिलिमीटर पाऱ्याइतका असतो; तो वरच्या रक्ताच्या भाराचा असतो. माणूस चालू लागला की पोटरीचे स्नायू शिरा पिळतात, रक्त वर जाते, झडपा त्यास खाली येऊ देत नाहीत, आणि काही पावलांतच तो दाब 30 च्या आसपास उतरतो. श्वास आत घेताना छातीत ओढ उत्पन्न होते व श्वासपटल पोटावर दाबते. त्यानेही रक्त वर खेचले जाते. म्हणून कवायतीत ताठ उभा राहिलेला धडधाकट शिपाई एकाएकी भोवळ येऊन पडतो, आणि दिवसभर शेतात चालणारी मजूरबाई पडत नाही. वर्षानुवर्षे उभ्याने काम केल्याने, किंवा आनुवंशिक कारणाने, झडपा ढिल्या पडल्या की रक्त मागे ओघळते व शिरा वेड्यावाकड्या फुगतात. काळ्या दोऱ्याने झडप मिटत नाही. अधूनमधून उठून चालणे, निजताना पाय उशीवर घेणे, पोटरीस पट्टी बांधणे व वेळीच डॉक्टरास दाखविणे, एवढेच उपाय खरे. एकाच पायास एकाएकी दुखरी सूज आली तर मात्र सकाळची वाटदेखील पाहू नये. शिरेत रक्त गोठल्याचे ते लक्षण असू शकते व त्यात जिवास धोका असतो.

नऊ वर्षांहून अधिक काळ सहकाऱ्यांपुढे आपले म्हणणे दाखवून झाल्यावर हार्वीने 1628 मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, फ्रँकफुर्ट येथे आपला लॅटिन ग्रंथ छापविला. ग्रंथ कसला, 72 पानांची पुस्तिका ती, आणि मुद्रणदोषांनी भरलेली. परिणाम व्हावयाचा तोच झाला. लोक त्यास चक्रम म्हणू लागले, रोगी कमी झाले, प्रॅक्टिस खालावली. प्रिमरोज नावाच्या वैद्याने दोनच वर्षांत खंडन छापले. त्यात प्रयोग नव्हता, गॅलेनचा आधार होता. पॅरिसच्या रिओलान या बड्या अध्यापकास हार्वीने 1649 मध्ये दोन पत्रांनी उत्तर दिले. इतरांच्या वाटेस तो बहुधा गेलाच नाही. पॅरिसचे वैद्यमंडळ तर इतकी वर्षे अडून बसले की, 1673 मध्ये मोलियेरने आपल्या प्रहसनात एका वैद्याच्या तोंडी स्वतःच्या मुलाची अशी स्तुती घातली आहे की, तो रक्ताभिसरणाच्या मताचा कट्टर विरोधक आहे.

येथे हार्वीच्या चरित्रातील एक प्रकरण सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. कारण वैद्यकापेक्षा ते आमच्या धंद्याच्या अधिक जवळचे आहे. 1633-34 मध्ये लँकेशर परगण्यातील एका दहा-अकरा वर्षांच्या पोराने साक्ष दिली की, गावच्या बायका चेटकिणी आहेत, त्यांचा जमाव आपण डोळ्यांनी पाहिला. ज्यूरीने अनेकांस दोषी ठरविले. न्यायाधीशांस संशय आला व प्रकरण राजाकडे गेले. चार बायकांस लंडनास आणून, राजाच्या आज्ञेवरून, हार्वीच्या देखरेखीखाली शस्त्रवैद्य व सुईणींकडून त्यांची तपासणी झाली. चेटकिणीच्या अंगावर सैतानाची खूण असते, असा त्या काळचा समज. तपासणाऱ्यांनी अनैसर्गिक असे काही आढळले नाही, असा लेखी अभिप्राय दिला. पोरानेही आपले सांगणे पढविलेले व खोटे असल्याचे पुढे कबूल केले. फाशी टळली. पण 1636 मध्येही त्यांतील काहीजणी लँकेस्टरच्या तुरुंगातच होत्या, असे कैद्यांच्या यादीवरून दिसते. खोट्या साक्षीने आत टाकलेल्या माणसास खऱ्या तपासणीने बाहेर काढणे किती जड जाते! आमच्याकडे जादूटोणाविरोधी कायदा व्हावयास 2013 साल उजाडावे लागले, आणि डाकीण म्हणून बाईस मारहाण केल्याच्या बातम्या त्यानंतरही वर्तमानपत्रांत आल्या आहेत.

राजा पहिला चार्ल्स याचा हार्वी हा वैद्य व स्नेही. राजा व पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली तेव्हा तो राजाच्या बाजूस राहिला. राजाच्या सत्तेविषयीची त्याची निष्ठा आम्हांस पटणारी नाही. गॅलेनला जाब विचारणाऱ्या पुरुषाने सिंहासनास तो विचारला नाही, एवढे नमूद करून आम्ही पुढे जातो. 23 ऑक्टोबर 1642 रोजी एजहिलच्या रणांगणावर दोघे राजपुत्र त्याच्या हवाली होते, आणि कुंपणाआड बसून तो पुस्तक वाचीत असता जवळच तोफेचा गोळा पडला म्हणून जरा पलीकडे सरकला, अशी आख्यायिका आहे. त्याच सुमारास लंडनातील त्याचे बिऱ्हाड शिपायांनी लुटले. भांडीकुंडी गेली त्याचे त्यास काही वाटले नाही. पण कीटकांवरील अनेक वर्षांची टिपणे नष्ट झाली, हे दुःख तो अखेरपर्यंत विसरला नाही.

राजाचा शिरच्छेद 1649 मध्ये झाला. हार्वी वृद्ध झाला होता, संधिवाताने ग्रासला होता. भावांच्या घरी आळीपाळीने राहू लागला. मित्राच्या आग्रहावरून 1651 मध्ये प्राण्यांच्या उत्पत्तीवरील ग्रंथ त्याने प्रसिद्ध होऊ दिला. 1654 मध्ये वैद्यांच्या महाविद्यालयाने त्यास अध्यक्ष निवडले. वयाचे कारण सांगून त्याने पद नाकारले, परंतु ग्रंथालयासाठी इमारत बांधून दिली आणि वडिलोपार्जित जमीनही संस्थेस दिली. ते ग्रंथालय 1666 च्या आगीत जळाले. 3 जून 1657 रोजी अर्धांगाच्या झटक्याने त्याचा अंत झाला. इसेक्समधील हेम्पस्टेड या खेड्यात, इलियाबने बांधलेल्या कुटुंबाच्या दफनगृहात, त्यास ठेवण्यात आले.

एक दुवा मात्र त्याच्या हयातीत सापडला नव्हता. धमन्यांच्या टोकाचे रक्त शिरांच्या टोकात जाते कसे, हे त्याने अनुमानाने मानले होते; डोळ्यांनी पाहिले नव्हते, आणि पाहिले असे कधी म्हटलेही नाही. 1661 मध्ये बोलोन्याच्या माल्पिघीने बेडकाच्या फुप्फुसाचा वाळवलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा केसाहूनही बारीक अशा नळ्यांचे जाळे त्याच्या दृष्टीस पडले. हार्वीस जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती.